गाडी चालू स्थितीत आहे

लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर बायकोने पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागितलं, आणि मागितलं ते एकदम मोटार. तपासनीसांना वाटलं, थट्टा चालली आहे.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. ते एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. मुलीने लहानपणी स्वतःच्या हाताने करून दिलेल्या शुभेच्छापत्रातली वेलांटी त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केली होती. त्यावरून तिने हे नाव ठेवलं, ते घरात रुळलं, शेजारात गेलं आणि शेवटी छापखान्यातही पोचलं. बायको शिलाई मशिनं दुरुस्त करायची. पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं, भिंतीला लाकडी खणांचं कपाट, खणाखणात सुया, स्प्रिंगा, बॉबिनी. कुणी मशीन आणलं की ती आधी डोळे मिटून चार टाके ऐकायची आणि मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावायची. मुलगी नोकरीसाठी दूर गेली, घर अंगावर यायला लागलं, तेव्हा दुपारच्या मोकळ्या वेळात ती मोबाईलवर जुन्या गाड्या बघायला लागली. आणि बघता बघता एकीवर येऊन थांबली.

गाडी अडतीस वर्षांची होती. चार दारांची, सायीच्या रंगाची, पुढे गोल दिवे. विकणारा राहायचा रेल्वेने दीड दिवसाच्या अंतरावर. तपासनीसांनी नेहमीप्रमाणे सगळ्या अडचणी सांगायला सुरुवात केली. न बघता गाडी कशी घ्यायची, माणूस कोण, कागद खरे कशावरून. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही कागद बघा, मी इंजिन बघते," ती म्हणाली. "दोघांनी मिळून करायचं काहीतरी असावं म्हणून म्हणते आहे मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला.

विकणारे गुरांचे डॉक्टर निघाले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, एकटे, आवाजाने मोठे आणि स्वभावाने मऊ. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ जमीन मोजणी खात्यात मोजणीदार होता. तो गेल्या वर्षी वारला आणि जाताना मृत्युपत्रात गाडी धाकट्याच्या नावे करून गेला. डॉक्टरांना गाडीतलं काही कळत नव्हतं. अंगणात उभी राहून ती खराब होईल, त्यापेक्षा जिव्हाळ्याने वापरणाऱ्याकडे जावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

तपासनीसांनी कागद मागवले. नोंदणी पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो, कराची पावती, मृत्युपत्राची प्रत आणि चासी नंबरचा ठसा. हा ठसा म्हणजे लोखंडावर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची. डॉक्टरांनी तो बॉनेटखाली वाकून काढला आणि पाठवला. त्यातला एक आकडा तीन की आठ ते कळेना. तपासनीसांनी दुसरा मागवला. मग तिसरा. चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाले की नोकरीत असताना अडलेल्या गाईखालीही आपण इतका वेळ काढला नव्हता. पण त्यांनी ठसा पाठवला. आकडा आठच होता, पुस्तकातही आठच होता, आणि तपासनीसांनी लाल पेनाने त्यावर बरोबरची खूण केली.

मग त्यांनी मालकाच्या नावाचा रकाना वाचला. तिथे मोजणीदाराचं नाव नव्हतं. आडनाव तेच, पण नाव एका बाईचं.

फोनवर विचारलं तेव्हा डॉक्टरांनी गाडीतून पुस्तक काढून आणलं. ते पुस्तक त्यांनी आजवर नीट उघडून पाहिलंच नव्हतं. गाडीच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते असायचं, भाऊ गाडी चालवायचा, म्हणजे गाडी भावाची. पहिल्या पानाचा फोटो काढतानासुद्धा त्यांचं लक्ष फोटो हलू नये याकडेच होतं. ती बाई म्हणजे त्यांची वहिनी. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच ती घर सोडून गेली होती. त्याला आता छत्तीस वर्षं झाली. काडीमोड झाला नाही, भांडण कुणी ऐकलं नाही, आणि नंतर भावाने घरात तिचं नावही काढलं नाही.

"कुठे असतात त्या?" तपासनीसांनी विचारलं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "असतात की नाही, तेही माहीत नाही."

म्हणजे ज्याने मृत्युपत्रात गाडी भावाला दिली, त्याची ती कागदोपत्री कधी नव्हतीच. तपासनीसांनी बायकोला हे समजावून सांगितलं आणि हा व्यवहार सोडून द्यावा असं सुचवलं. ती एका मशिनचं चाक फिरवून बघत होती. बरं, म्हणाली, आणि पुन्हा चाक फिरवलं. दोन दिवस तिने मोबाईल उघडला नाही. तिने हट्ट धरला असता तर त्यांनी वाद घातला असता, पण ती नुसती गप्प राहिली आणि तेच त्यांना सोसेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी छापखान्यात पंधरा दिवसांची रजा टाकली. मालकाने कारण विचारलं. एका पुस्तकातली चूक दुरुस्त करायला जातो आहे, असं ते म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं.

डॉक्टर स्टेशनवर घ्यायला आले होते. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक थर्मामीटर. तो सवयीने राहिला असावा. गाडी अंगणात पत्र्याच्या छपराखाली उभी होती. बायकोने आधी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मग बॉनेट उघडायला सांगितलं, मग गाडी सुरू करायला. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं. तिने डोळे मिटून ऐकलं. डॉक्टर तपासनीसांच्या कानाशी लागून म्हणाले की आपणही गाईच्या पोटाला कान लावून असंच ऐकायचो. थोड्या वेळाने बायकोने डोळे उघडले. एक झडप वेळेवर मिटत नाही, बाकी सगळं ठणठणीत आहे, असं तिने सांगितलं. मग गाडीच्या छपरावर हात ठेवून ती म्हणाली, "फार प्रेमाने ठेवली आहे हो."

नोंदणी कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथल्या रेकॉर्डच्या खोलीत एक कारकून बाई बसायच्या, खांद्यावर शाल, चष्म्याला दोरी, टेबलावर पाण्याची बाटली आणि ओल्या स्पंजची डबी. जुनी फाईल म्हटल्यावर आधी त्यांनी अर्ज लिहायला लावला. तपासनीसांनी तो लिहिला. बाईंनी वाचला, पुन्हा वाचला, आणि इथे आजवर इतका शुद्ध अर्ज आला नव्हता, असं म्हणून त्या स्वतः शिडीवर चढल्या. फाईल खाली आली तेव्हा तिच्यावरची धूळ त्यांनी शालीच्या टोकानेच झटकली.

आत फार कागद नव्हते. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, आणि पुढे दर पाच वर्षांनी. तसे पाच फॉर्म लागोपाठ लावलेले होते. प्रत्येकावर मालकाची सही लागते. डॉक्टर म्हणाले, भावानेच केल्या असतील सह्या, दुसरं कोण करणार. तपासनीसांनी नकारार्थी मान हलवली. त्यांची हयात अक्षरं बघण्यात गेली होती. फॉर्म भरलेला होता एका हाताने, बारीक, सरळ, नकाशावर गावांची नावं लिहावीत तशा अक्षरात. मालकाचा पत्ता आणि सही मात्र दुसऱ्या हाताची होती. मोठं, गोल, घाईत लिहिलेलं अक्षर. आणि पाचही फॉर्मवर पत्ता वेगळा होता.

"ह्या सह्या त्यांच्याच आहेत," तपासनीस म्हणाले. "तुमचे भाऊ फॉर्म भरून त्यांना पाठवत होते, आणि त्या सही करून परत पाठवत होत्या."

डॉक्टर खुर्चीवर बसले.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. तिथे सहसा कुणी काही लिहीत नाही, असं कारकून बाईंनी सांगितलं. वाहन चालू स्थितीत असल्याचं छापील वाक्य असतं, त्यावर खूण केली की झालं. मोजणीदाराने मात्र प्रत्येक वेळी तिथे लिहिलं होतं. पहिल्या फॉर्मवर होतं, 'गाडी चालू स्थितीत आहे. रंग पुन्हा दिला. तोच ठेवला.' दुसऱ्यावर, 'मागील डाव्या दाराची काच बदलली.' तिसऱ्यावर, 'पुढील सीटचे कापड फाटले होते. उजव्या बाजूचे बदलले. डाव्या बाजूचे चांगले आहे, वापर नाही.' चौथ्यावर, 'दूरच्या प्रवासाला नेत नाही. रविवारी फिरवतो.' आणि तीन वर्षांपूर्वीच्या पाचव्यावर, 'हॉर्न बिघडला होता. दुरुस्त केला. आवाज पूर्वीसारखा नाही.'

तपासनीसांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण डॉक्टरांचा चष्मा घरी राहिला होता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची बाही धरून ठेवली. कारकून बाई स्पंजवर बोट दाबत राहिल्या. नंतर त्या म्हणाल्या की पाचपैकी तीन फॉर्म आपल्याच हातून गेले, पण शिक्का मारताना वाचतं कोण.

शेवटच्या फॉर्मवरचा पत्ता बसने चार तासांवरच्या एका गावातला होता. गाडी नावावरून काढायचा फॉर्म तपासनीसांनी तिथेच मागून घेतला आणि भरून ठेवला. डॉक्टर आधी येत नाही म्हणाले. मग बसायला जागा मिळेल का, अशी चौकशी करायला लागले. मग सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून बसथांब्यावर सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहिले. वाटेत त्यांनी एक गोष्ट सांगितली. वहिनी गेल्यावर तीन महिन्यांनी त्यांनी तिला पत्र लिहिलं होतं, भावाला न सांगता. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते आणि भावाला घरात एकटं बसलेलं बघवत नव्हतं. परत येऊ नका, तुमच्यावाचून इथे काही अडत नाही, असं त्यात होतं. ते टाकून आल्यापासून आजपर्यंत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको पिशवीतून बिस्किटं काढून डॉक्टरांना देत राहिली आणि ते खात राहिले.

घर दोन खोल्यांचं होतं, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दार उघडंच होतं. आत पांढऱ्या केसांच्या एक बाई एका शेजारणीचं ब्लड प्रेशर मोजत बसल्या होत्या. कानात नळ्या होत्या, त्यामुळे त्यांनी न बघताच हाताने बसायची खूण केली. मोजून झालं, मीठ कमी करायची तंबी देऊन झाली, शेजारीण गेली, तेव्हा त्यांनी नळ्या काढल्या आणि या तिघांकडे पाहिलं. डॉक्टरांना त्यांनी ओळखलं नाही. नजर गेली ती तपासनीसांच्या हातातल्या फॉर्मवर.

"अजून दोन वर्षं आहेत ना त्याला?" त्या म्हणाल्या. "आणि हा पोस्टाने येतो. माणसं कशाला पाठवली?"

तपासनीसांनी फॉर्म नकळत पाठीमागे धरला. डॉक्टर पुढे झाले.

"वहिनी," ते म्हणाले, "दादा गेला."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हळूच विचारलं, "कधी?"

डॉक्टरांनी सांगितलं. गेल्या वर्षी, सकाळी, गाडी पुसून आला आणि खुर्चीत बसला तो तसाच. तुम्हाला कळवायला हवं होतं, पण पत्ता नव्हता. इथे थांबून त्यांनी स्वतःचंच बोलणं दुरुस्त केलं. पत्ता होता. आपण शोधला नाही.

बाई खिडकीशी गेल्या. बाहेर दोरीवर कपडे वाळत होते, तिकडे बघत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने वळल्या, तर डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झालेला. चाळीस वर्षं नर्सचं काम केलेल्या बाईला ते बघून राहवेना. त्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हात पुढे करायला सांगितला आणि दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबायला लागल्या तसं डॉक्टरांना तोंड फुटलं. मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, ते म्हणाले. बाईंनी बोलू नका म्हणून बजावलं, आकडा चढतो. तरी ते बोललेच. सगळं सांगितलं, शब्दन् शब्द पाठ असल्यासारखं.

बाईंनी हवा पूर्ण सोडली, आकडा बघितला, पट्टा काढून घडी करून ठेवला.

"मिळालं होतं मला ते," त्या म्हणाल्या. "पण तुमचं अक्षर तेव्हापासूनच डॉक्टरचं, भाऊजी. अर्धं लागलंच नाही."

डॉक्टर रडायला लागले. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तपासनीसांच्या बायकोला स्वयंपाकघरात चहाचं सामान कुठे आहे ते सांगितलं.

चहा पिता पिता बाकीची हकीकत कळली. भांडण असं कधी झालंच नव्हतं. मोजणीदार महिना महिना कामावर बाहेर असायचा आणि घरी आला की नकाशे पसरून बसायचा. गाडी नवी घेतली तेव्हा तो दूर कॅम्पवर होता, सह्या करायला बाईच हजर होत्या, म्हणून ती त्यांच्या नावावर झाली. पुढे बाईंची बदली झाली. त्यांनी विचारलं, येतोस का. तो म्हणाला, बघू. त्या गेल्या आणि वाट बघत राहिल्या. तो बघत राहिला असावा. तेरा वर्षांनी पहिलं पाकीट आलं, हॉस्पिटलच्या पत्त्यावर. आत फॉर्म आणि परत पाठवायला पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट, चिठ्ठी नाही. बाईंना आधी राग आला. मग त्यांनी रंगाबद्दल लिहिलेलं वाचलं. सही केली, पत्ता नवीन लिहिला आणि पाठवून दिला. पुढची पाकिटंही जुन्या पत्त्यांवरून फिरत फिरत पोचत राहिली.

"गाडी माझ्या नावावरून काढायचा फॉर्म त्याने पाठवला असता, तर त्यावरही मी सही केली असती," त्या म्हणाल्या. "तो त्याने कधी पाठवला नाही. मीही विचारलं नाही. पाच वर्षांनी एकदा कळायचं की आहे, गाडी फिरवतो आहे. मला तेवढं पुरायचं. पुरत नव्हतं, पण सवय झाली होती."

तपासनीसांनी फॉर्म अजून हातातच धरला होता. आता तो पुढे करणं त्यांना जिवावर आलं. बायकोने त्यांच्या हातातून तो घेतला आणि टेबलावर ठेवला. हा गाडी नावावरून काढायचा फॉर्म आहे, असं तिने सरळ सांगितलं. तुम्हाला वाटेल तेव्हा सही करा, आणि नाही वाटलं तर करू नका, गाडी तुमची आहे, आम्ही तशीच परत जाऊ. मूळ कागद परक्या घरी ठेवून यायची तपासनीसांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. त्यांनी पोचपावती मागितली नाही.

डॉक्टरांकडे परत येऊन तीन दिवस गेले. बायकोने तेवढ्यात ती झडप बसवून टाकली. गाडी घेतली काय, न घेतली काय, दुखणं कळल्यावर तसंच ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तपासनीस तिला नट फिरवायचा पाना देत राहिले आणि दर वेळी चुकीच्या मापाचा देत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन आला. त्या बसमध्ये बसल्या होत्या.

सही झालेली होती, पण कार्यालयात घोडं अडलं. बाईंनी छत्तीस वर्षांपूर्वीच माहेरचं नाव पुन्हा लावलं होतं. नोकरी, पेन्शन, ओळखपत्र, सगळं त्या नावावर. सासरचं नाव उरलं होतं फक्त गाडीच्या कागदांवर. नोंदणी अधिकारी तरुण होता, सभ्य होता, पण सही एकीची आणि ओळखपत्र दुसरीचं असं त्याला चालेना. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि सोबत लग्नाचा दाखला. दाखला आता कुठून आणायचा म्हणून डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. बाईंनी पर्स उघडली आणि घड्यांवर चिरलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. लागेल असं वाटलं होतं, एवढंच म्हणाल्या.

प्रतिज्ञापत्र तपासनीसांनी कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिलं. त्यांनी आजवर लाखो पानं तपासली होती, पण स्वतः लिहिलेलं फार कमी होतं. तीन मसुदे केले. पहिल्यात शब्द जास्त झाले, दुसऱ्यात कायदा जास्त झाला. तिसरा त्यांनी बायकोला दाखवला. तिने वाचला आणि मान डोलावली. टाईप करून आणल्यावर अधिकाऱ्याने बाईंना तो मोठ्याने वाचायला सांगितला, तशी पद्धत होती.

बाईंनी चष्मा लावला. आपण अमुक साली लग्न केलं, तेव्हापासून गाडीच्या कागदांवर पतीचं आडनाव लावत आलो आणि इतर सर्व ठिकाणी वडिलांचं, असं सगळं त्यांनी सिस्टरच्या खणखणीत आवाजात वाचलं. शेवटचं वाक्य होतं, 'या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे.' तिथे त्या थांबल्या. अधिकाऱ्याला वाटलं, काही चुकलं आहे. त्याने विचारलं, बरोबर आहे ना मजकूर?

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "एकच आहे." आणि त्यांनी दोन्ही नावांनी सह्या केल्या, एकीखाली एक.

नवीन मालक म्हणून बायकोने सही केली. कारकून बाईंनी शिक्का मारला, आणि या वेळी मारण्याआधी वाचलं. नवीन पुस्तक पोस्टाने यायला महिना लागणार होता, तोपर्यंतचा तात्पुरता परवाना त्यांनी हातोहात दिला.

दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं, आणि बाईंचं गाव वाटेवरच होतं. त्यांना सोडून पुढे जाऊ, असं बायकोने ठरवून टाकलं. डॉक्टरही बरोबर आले, बसने परत येईन म्हणाले. पुढच्या डाव्या सीटवर बाई बसल्या. कापड जुनंच होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवला. मग हॉर्न वाजवून दाखवायला सांगितला. बायकोने वाजवला. खरंच पूर्वीसारखा नाही, बाई म्हणाल्या. पूर्वी असा दमलेला नव्हता. आणि मग त्या सांगायला लागल्या. या गाडीवर आपण पंधरा दिवस चालवायला शिकलो होतो. फाटकाला धडकलो, दिवा फुटला, नवऱ्याने काहीच म्हटलं नाही, म्हणून जास्त राग आला. त्यानंतर स्टिअरिंग हातात धरलं नाही.

गावाच्या अलीकडे बाजाराचं मोठं मोकळं आवार होतं. त्या दिवशी बाजार नव्हता. बायकोने गाडी रस्त्यावरून आवारात घेतली, मधोमध थांबवली, खाली उतरली आणि दार उघडं धरून उभी राहिली. बाईंनी आधी नाही म्हटलं, वय सांगितलं, गुडघे सांगितले. बायको दार धरून उभीच राहिली. शेवटी त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि स्टिअरिंगवर बसल्या. तपासनीस मागच्या सीटवरून चटकन उतरले. डॉक्टर मात्र उतरले नाहीत. मी बसतो, म्हणाले, वहिनींबरोबर.

पहिल्यांदा गाडी दचकून बंद पडली. दुसऱ्यांदाही. बायकोने खिडकीतून वाकून क्लच कसा सोडायचा ते सांगितलं, शिलाई मशिनच्या पॅडलसारखा, जोर नको, फक्त वजन. तिसऱ्यांदा गाडी हलली. पहिल्या गियरमध्येच, चालत्या माणसाच्या वेगाने, ती आवाराच्या कडेकडेने निघाली. बाईंचं नाक जवळजवळ स्टिअरिंगला लागलेलं, मागे डॉक्टर दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरून बसलेले. एक फेरी झाली. दुसरी सुरू झाली. तपासनीस आणि त्यांची बायको एका रिकाम्या ओट्यावर जाऊन बसले. पुढे दीड हजार किलोमीटर जायचं होतं, ऊन वर चढत होतं, आणि दोघांनाही घाई वाटत नव्हती.

तिसऱ्या फेरीला गाडी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा बाई मोठ्याने हसत होत्या आणि डॉक्टर मागून वळणं सांगत होते. थांबायचं कसं ते बाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं. बायकोने हात हलवून सांगितलं, राहू दे, अजून एक होऊ दे.